हुतात्म्याचा वेत

ललितच्या सहलीला माणसं आपण होऊन मार खायला यायची.

सुरुवातीला असं नव्हतं. धुळ्याचा इंग्रजी अंमल पायी फिरून दाखवतो असं त्याने जाहीर केलं, तेव्हा पहिल्या रविवारी आलेल्यांत निम्मे त्याचे मावसभाऊ होते. तो सनावळ्या सांगायचा, साहेबाने पट्टी ठेवून आखलेल्या गल्ल्या दाखवायचा, आणि लोक पुढच्या चहाच्या टपरीकडे बघायचे. मग एका रविवारी पांझरेच्या काठावर वेठबिगार समजावताना त्याच्या बोलण्याला भर आला. 'शिपाई यायचा, गाडीवाल्याला खाली ओढायचा आणि अशी द्यायचा,' असं म्हणत त्याने पुढ्यातल्या निवृत्त तलाठ्याच्या कानाखाली खरोखरच दिली. तलाठी वाळूत बसले. चष्मा शोधला, गाल चोळला आणि म्हणाले, "जन्मभर दप्तर वागवलं, पण ब्रिटिश अंमल आज कळला."

त्यानंतर सहलीला जागा पुरेना.

ललितची पद्धतच पडली. जो इतिहास अंगाला लागत नाही तो टिकत नाही, असं तो म्हणायचा. नदीकाठी वेठबिगार, म्हणजे थोबाडीत. जुन्या चिंचेखाली फाशी, म्हणजे एखाद्या बँक मॅनेजरच्या गळ्यात दोर अडकवून त्याला टाचा उचलेपर्यंत ओढायचं. कचेरीच्या मागे फटके, म्हणजे उपरण्याला गाठ मारून, पाण्यात भिजवून पाठीवर. रडण्याओरडण्याचं सगळ्यांना स्वातंत्र्य होतं, आणि शेवटी टाळ्या. एका दंतवैद्याचा खांदा निखळला. त्यांनी गळ्यात झोळी बांधलेल्या हातानेच पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'कुटुंबासह जरूर यावे.'

प्रेमराज आबांच्या कानावर हे गेलं आणि त्यांना आपला चौक दिसू लागला.

सातव्या गल्लीच्या तोंडाशी एक चौक आहे. चौक म्हणजे डीपी, पानटपरी आणि एक कायमचा खड्डा. या चौकाला आपल्या पणजोबांचं नाव लागावं ही आबांची इच्छा. इच्छा कसली, ध्यास. पुढच्या निवडणुकीत तिकीट मागायला जाताना पाठीशी एक हुतात्मा असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. पणजोबा निंबाजी हे इंग्रजांचे फटके खाऊन अमर झाले, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. साहेब दौऱ्यावर आला, तंबू वाहायला माणसं धरली, निंबाजींनी नकार दिला, साहेबाने कचेरीपुढे टिकटीला बांधून वेताने फोडलं. तो वेत अजून घरात होता. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला हळदीकुंकू लागायचं.

अर्ज गेला, ठराव झाला, फलक रंगून चौकात उभा राहिला आणि त्याच्यावर कापड पडलं. आखाजीनंतरच्या रविवारी पालिकेचे साहेब लोक येऊन कापड ओढणार होते. त्याआधी ललितने आपली सहल आबांच्या घरावरून आणावी, लोकांना वेत दाखवावा, फटक्यांचा प्रसंग तिथेच करावा आणि मग सगळ्यांनी वाजतगाजत चौकात जावं, असं ठरलं. ललितला खरा वेत हातात धरायला मिळणार होता. त्याने बाकी काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी नदीकाठची थोबाडीत आणि चिंचेखालची फाशी आटोपून मंडळी आबांच्या दारात आली. घर तीन मजली, पुढे फरशी केलेलं मोठं अंगण. अंगणाच्या मधोमध नवी कोरी सागवानी टिकटी. तीन वासे वर एकत्र बांधलेले, खाली फाकलेले, मनगटं अडकवायला कातडी पट्टे. आबांनी ती मुद्दाम सुताराकडून करून घेतली होती आणि तिला पॉलिशही मारलं होतं. एका बाजूला पोह्यांच्या प्लेटा लावलेल्या, दुसऱ्या बाजूला आबांची पोरं पांढऱ्या शर्टात. त्यांचा म्होरक्या तोताराम. तो पूर्वी सावद्याला केळीच्या ट्रकवर दोर आवळायचा. त्याची गाठ दिल्लीपर्यंत सुटत नसे.

"टिकटीवर कोण?" ललितने विचारलं.

"मी," आबा म्हणाले आणि शर्ट काढला. "रक्त त्यांचं, पाठ माझी. फोटो समोरून घ्या, पोट येऊ देऊ नका."

तोतारामने त्यांना बांधलं. पट्टे होतेच, त्यावर त्याने सवयीने दोरही आवळला. घरातून वेत आला, लाल कापडात, ताटात, वर हळदीचे डाग. दीड हात लांब, काळपट, एका टोकाला कातड्याची मूठ. लोक हळहळले. दोन-तीन जणांनी नमस्कार केला. ललितने मूठ धरली आणि त्याच्या अंगावर काटा आला.

"आधी मी दोन शब्द बोलतो," बांधलेले आबा म्हणाले. त्यांना अशाही अवस्थेत भाषण सुचलं याचं कुणालाच नवल वाटलं नाही. "मित्रहो, याच वेताने माझ्या पणजोबांना फोडलं. पण माणूस हटला नाही. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा उजवा हात एवढा सुजला होता, की घास उचलेना. पणजीने रात्रभर हाताला तेल चोळलं. आपल्या हाताने पुरणपोळी भरवली. असे होते आमचे निंबाजी!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, "एक शंका होती."

या जीनत मॅडम. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा आवाज वर्गात बोलतात तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत होते, आणि पुढे जे झालं त्यात कुणाला त्यांचं नाव विचारायला सवड मिळाली नाही, हे आमच्या गावाचं नशीब.

"विचारा ना ताई," आबा म्हणाले.

"हात सुजला म्हणालात. फटके तर पाठीवर बसले ना?"

"पाठीवरच."

"मग पाठीला काय झालं?"

"पाठीला?" आबांनी विचार केला. "पाठीचं काय... घरात पाठीचं कुणी काही बोललं नाही."

"आणि हा वेत घरी कसा आला?"

"म्हणजे?"

"ज्याने मार खाल्ला, तो वेत घरी घेऊन येईल का? वेत तर मारणाऱ्याचा. तो त्याच्या घरी जाईल." मॅडमनी यात कुठलाही सूर लावला नाही. फळ्यावर पायरी मांडावी तसं मांडलं. "हातही मारून मारूनच सुजतो. मला वाटतं, टिकटीवर दुसरं कोणीतरी असेल."

लांब चौकात बँडवाला पिपाणी जुळवत होता, तेवढीच ऐकू येत होती. मग पोह्यांच्या बाजूने कुणीतरी हसलं. एकच हसू, तेही नाकातून. पण आबा बांधलेले होते आणि त्यांना मान वळवून कोण हसलं ते बघता येत नव्हतं, त्यामुळे सगळंच अंगण त्यांना हसल्यासारखं वाटलं.

"ललित!" ते ओरडले. "तूच पढवून आणलं हिला!"

"आबा, मला तर आत्ताच कळलं. पण बाईंचं म्हणणं तसं..."

"तोंड फोडा त्याचं!"

तोतारामने पहिला ठोसा तोंडावरच दिला, कारण सांगितलं तेच करायची त्याला सवय होती. ललित मागच्या मागे पोह्यांच्या टेबलावर पडला. टेबल मोडलं. पोरं त्याच्यावर तुटून पडली. एकाने केस धरले, एकाने बरगड्यांत लाथ घातली, एकाने स्टीलचा जग उचलून डोक्यात घातला. जगाला पोचा आला, डोक्यातून रक्त आलं.

आणि सहलीला आलेली मंडळी प्लेटा हातात धरून बघत राहिली.

त्यांचं तरी काय चुकलं? सकाळपासून ते हेच बघत होते. नदीकाठी एकाला थोबाडीत, चिंचेखाली एकाला दोर, आणि आता कचेरीचे फटके. दंतवैद्य दुसऱ्यांदा आले होते, बायकोला घेऊन. ते तिला म्हणाले, "मागच्या वेळेपेक्षा खूप सुधारलंय." तलाठी मोबाईल उभा धरावा की आडवा या विचारात होते.

"खरं मारतायत!" ललित खालून ओरडला. "अरे खरं मारतायत हे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका जिवंत अभिनय त्याने आजवर केला नव्हता. तोतारामने त्याची मान बुटाखाली धरली आणि दुसऱ्याने वेत उचलून त्याच्या पोटऱ्यांवर ओढला. वेत शंभरेक वर्षं हळदीकुंकवावर जगलेला, पण काम विसरला नव्हता. पँट फाटली, कातडी फाटली, ललितने असा आवाज काढला की टपरीवरचे दोन कुत्रे पळाले. "वा!" कुणीतरी म्हणालं.

ललितचा एक दात उडून दंतवैद्यांच्या प्लेटीत पडला.

दंतवैद्यांनी तो चमच्याने उचलला, उजेडात धरला. मूळ होतं. मुळाला रक्त होतं. "हा खरा दात आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या व्यवसायावर सगळ्यांचा विश्वास असल्यामुळे एका क्षणात अंगणाचा नूर पालटला.

पुढचं सांगताना आम्हाला गावाची थोडी लाजही वाटते आणि थोडा अभिमानही. गावची माणसं काही महिने दर रविवारी पद्धतशीर मार खात आली होती. परत मारायची संधी त्यांना इतिहासाने कधी दिली नव्हती. तलाठ्यांनी मोबाईल खिशात ठेवला, पोह्यांची कढई दोन्ही कानांना धरून उचलली आणि एका पांढऱ्या शर्टाच्या डोक्यावर पालथी घातली. बँक मॅनेजरच्या गळ्यात सकाळचा दोर अजून होता. तो त्यांनी काढून दुसऱ्याच्या गळ्यात टाकला आणि ओढला, टाचा उचलेपर्यंत, आणि टाचा उचलल्यावरही. दंतवैद्यांच्या बायकोने चप्पल काढली. जीनत मॅडमनी मोडलेल्या टेबलाचा पाय घेऊन ललितच्या मानेवरचा बूट घोट्यापाशी ठोकला. तोताराम एका पायावर नाचत भिंतीला जाऊन आदळला. कुणाचं नाक फुटलं, कुणाच्या कानाचा तुकडा गेला. नव्या फरशीवर पोहे, शेव आणि रक्त यांचा असा चिखल झाला, की जो उठायचा तो पुन्हा पडायचा.

या सगळ्याच्या मधोमध आबा टिकटीला. "सोडा मला! अरे कोणीतरी सोडा!" पण गाठ तोतारामची होती, आणि तोताराम भिंतीपाशी बेशुद्ध.

तेवढ्यात घरातून बेबाबाई बाहेर आल्या.

बेबाबाई म्हणजे आबांची थोरली बहीण, सत्तरीची, दिलेली पारोळ्याला. आखाजीला माहेरी आल्या होत्या आणि भावाचा समारंभ म्हणून थांबल्या होत्या. आबा सोडून सगळी गल्ली त्यांना भ्यायची. आबा थोडे जास्त भ्यायचे. त्या पायरीवर उभ्या राहिल्या, सगळीकडे नजर टाकली, मग चिखलातून चालत जाऊन ललितला फोडणाऱ्या पोराच्या हातातला वेत काढून घेतला. पोरगं देईना. त्यांनी त्याच्या नडगीवर लाथ घातली. दिला.

पदर खोचून त्या टिकटीच्या मागे गेल्या. अंगण आपोआप थांबलं.

"अक्का," आबा म्हणाले, "सोड माले. हात दुखी ऱ्हायनात." इतका वेळ ते शहरी मराठीत ओरडत होते, बहिणीपुढे भाषा घरची झाली.

"दुखू दे. तुले कोनी सांगं, निंबा आबा टिकटीवर व्हता?"

"बापनी सांगं."

"बाप आखाजीले पत्ता कुटे. आजा बी पत्ता कुटे. तू बी कालपावोत पत्ताच कुटी ऱ्हायंता." अक्का शांतपणे बोलत होत्या. "आखाजीले घरमा घागर भरतस. पितरनी घागर. आपला घरमा दोन भरतस. दुसरी घागर कोनी, कधी इचारं का तू?"

आबांनी कधी विचारलं नव्हतं. खानदेशात आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, नैवेद्य दाखवतात. हे सगळं बायका करतात. पुरुष त्या वेळी झाडाखाली जुगाराला बसलेले असतात आणि थेट पुरणपोळीला उठतात. त्यामुळे घराचा इतिहास एकीकडून दुसरीकडे जातो तो सासूकडून सुनेकडे, घागर भरताना. पुरुषांच्या वाट्याला येतं ते उरलेलं, डाव हरल्यावर एकमेकांना सांगायचं.

"दुसरी घागर कोनी शे?" आबांनी आता विचारलं.

अक्कांनी वेत उचलला आणि हाणला.

हा फटका वेगळा होता. आवाज आधी आला, मग आबांच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक पांढरी रेघ उठली, ती लाल झाली आणि मग तिच्यातून रक्त आलं. आबांच्या तोंडून आवाजच निघाला नाही. टाळी कुणी वाजवली नाही.

"जो टिकटीवर व्हता, त्यानी," अक्का म्हणाल्या. "निंबा आबा कचेरीना चाकर व्हता. साहेबनं काम फटका माराले सांगनं, आबानं काम मारनं. तंबू उचलाले नही म्हने तो एक भिल व्हता. त्याले बांधं. वेत मिठना पानीमा भिजाडा."

दुसरा फटका. पहिल्यावर आडवा. आबा ओरडले. तो आवाज ललितच्या मघाच्या आवाजापेक्षा वेगळा नव्हता, आणि हे ललितनेही, रक्ताने डोळा मिटलेला असताना, ऐकलं.

"साहेब म्हने, बस. निंबा आबा थांबना नही. पानी पिना, हात झटका, आखो मारं. साहेब खुर्चीवरथून उठी गया तरी मारं. भिलनी मान पडी गयी, तरी मारं. मंग घर उना. हात सुजेल. बायकोनी तेल चोळं, घास भरावा. आनि सकायमा तिनी एक घागर भरी. तिले कोनी सांगेल नव्हतं. आपली आपण भरी."

साहेबाने बस म्हटल्यावरही मारत राहिला, हे ऐकून तलाठ्यांनी मान खाली घातली. जन्मभर त्यांनी वरच्याच्या हुकमावर सगळं ढकललं होतं. इथे हुकूम संपल्यावरही काम चालू होतं.

"मंग माय बोलनी का नही कधी?" आबा रडत होते. "तू का नही बोलनी? चौक करं मी. फलक करा. तेव्हा सांगती!"

"तेव्हा सांगं. तू म्हने, अक्का, तू सयपाक पाय."

तिसरा फटका त्यांनी मारला नाही. हात वर गेला होता. हातात जोर होता. आबांनी डोळे घट्ट मिटले, मान आत ओढली, बांधलेली बोटं वळली. अक्कांनी ती बोटं पाहिली. मग वेत दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर आपटला. तो मोडला नाही. पुन्हा आपटला. मोडला नाही. शेवटी त्यांनी तो चिखलात टाकला आणि घरातून विळा आणून दोर कापला.

आबा गुडघ्यांवर कोसळले. उठले. कोणाकडेही न बघता, उघड्या पाठीने, तसेच दाराबाहेर पडले आणि चौकाकडे चालू लागले. मागून अक्का, त्यांच्या मागे फुटकी, सुजलेली, पोह्यांनी माखलेली सगळी सहल. ललितला दंतवैद्यांनी आणि मॅडमनी दोन्हीकडून धरलं होतं. घोटा मोडलेला तोताराम मागे राहिला.

चौकात बँडवाल्याने उत्सवमूर्तीला येताना पाहिलं आणि देशभक्तीचं गाणं सुरू केलं. साहेब लोक हार घेऊन पुढे झाले, आबांची पाठ दिसल्यावर मागे झाले. आबांनी फलकावरचं कापड एका हाताने ओढून काढलं. 'हुतात्मा निंबाजी चौक'. अक्षरं छान काढली होती. रंगाऱ्याचा डबा शेवटच्या हातासाठी तिथेच ठेवलेला होता. आबांनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि नाव पुसलं. रंग अजून ओला, दोराने सोललेल्या मनगटाचं रक्तही ओलं. पांढऱ्यात तांबूस ओघळ उतरले. 'हुतात्मा' आणि 'चौक' राहिलं, मध्ये मोकळी जागा.

बँड थांबला. आबा ब्रश घेऊन त्या जागेपुढे उभे राहिले. तिकीट गेलं होतं, पणजोबा गेला होता. पण फलक उभा होता आणि जागा मोकळी होती, आणि आता ती नुसती सोडून जाता येत नव्हती.

"अक्का," त्यांनी मागे न वळता विचारलं, "त्यानं नाव काय व्हतं?"

बेबाबाईंनी पदराने हात पुसले.

"माले काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मारनारानं घर शे आपलं. नाव कोनी इचारं?"

आबा उभेच राहिले. ब्रशातून पांढरा रंग त्यांच्या पायावर ठिबकत होता.